बेबी हिंदुस्थान: फायरवॉलवरच्या पंपाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

दिवाळी झाली, पाहुणे गेले, गॅरेजमधल्या खुर्च्या परत माळ्यावर गेल्या. आता पेट्रोलची लाइन.

गाडीची ओळख पुन्हा एकदा, थोडक्यात. बेबी हिंदुस्थान, म्हणजे हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाड्याला जुळवलेली मॉरिस मायनर. मूळ गाडी अ‍ॅलेक इसिगोनिसची, १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात आलेली. आपल्याकडची ही साइड व्हॉल्व्हवाली, ९१८ सीसी. एस्‌यूचा एच-१ कार्ब्युरेटर (इंजिनाला पेट्रोल आणि हवेचं मिश्रण देणारा भाग), बारा व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या बॉडीला). नागपुरात धंतोलीतल्या एका जुन्या बंगल्याच्या मागच्या शेडमध्ये बरीच वर्षं उभी होती.

तक्रार अशी: चावी फिरवून ठेवली की काही मिनिटांत कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधून (पेट्रोल साठणाऱ्या वाटीतून) पेट्रोल बाहेर यायला लागतं. आधीच्या मालकांनी नीडल व्हॉल्व्ह (ती वाटी भरली की पेट्रोल रोखणारी झडप) बदलून घेतल्याची पावती कप्प्यात सापडली. नंतरची फ्लोटची पण आहे. म्हणजे कार्ब्युरेटरवर पैसे ओतून झालेत, आणि टपकणं तसंच. कार्ब्युरेटरपर्यंत जे ढकलतं त्याच्याकडे कोणी पाहिलेलं दिसत नाही.

१० नोव्हेंबर

पंप फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर आहे, बॉनेट उघडलं की समोरच. एस्‌यूचा इलेक्ट्रिक, काळ्या बेकेलाइटच्या टोपीचा. बाहेरून पाहिला तर अगदी ‘ओरिजनल’. पण दोन-तीन गोष्टी खटकल्या.

पहिली, ब्रॅकेटच्या शेजारी बुजवलेली दोन जुनी भोकं. पुट्टी खरवडली तेव्हा खाली कारखान्याचा प्रायमर निघाला, म्हणजे ती भोकं मूळची आणि आताची नंतर पाडलेली. दुसरी, टाकीकडून येणारा धातूचा पाइप छान वळवून आणलाय, पण पंपाच्या अलीकडे चार बोटं तो संपतो आणि पुढे रबरी नळी जोडलीय. पाइप ज्या पंपासाठी वाकवला होता, तो पंप हा नाही. तिसरी, पंपाचा मागचा लोखंडी भाग, ज्यात कॉइल असते, तो मला लांब वाटला.

डिकीत स्टेपनीखाली डालड्याचा जुना डबा होता. त्यात फडक्यात गुंडाळलेला दुसरा पंप. टोपीला तडा, नटं गंजलेली, आत घट्ट जाम. टोपी तीच, वरची ठेवण तीच, पण कॉइलचा भाग स्पष्ट आखूड. दोन्ही शेजारी ठेवले आणि उत्तर मिळालं.

आखूड तो एल टाइप. लांब तो एचपी, म्हणजे हाय प्रेशर. नंबराचा पत्रा पंपाच्या एका स्क्रूखाली अडकवलेला असतो, ‘एयूए’ने सुरू होणारा नंबर. तो डब्यातल्या पंपावर नाही. कधीतरी उघडताना काढला आणि परत लावला नाही. जुन्या पंपांचं हे नेहमीचं दुखणं. पत्रा असला तरी आंधळा विश्वास ठेवू नये, कारण सहा स्क्रू काढले की एका पंपाचा पत्रा दुसऱ्यावर जायला वेळ लागत नाही. अंगलट पाहावी: कॉइलची लांबी, बसण्याची भोकं, पाइपची वळणं. गाडीच्या पत्र्यावर राहिलेल्या खुणा खोटं बोलत नाहीत.

मूळ भोकांवर डब्यातला पंप धरून पाहिला. चपखल.

१२ नोव्हेंबर

एल आणि एचपीचा फरक कळला की टपकण्याचं कोडंही सुटतं, म्हणून नीट लिहून ठेवतो.

या पंपात वीज पेट्रोल ढकलत नाही. वीज फक्त ओढते. कॉइलमधून करंट गेला की चुंबक आर्मेचरला (आतल्या लोखंडी चकतीला) खेचतो, त्याला जोडलेला डायफ्रॅम (लवचिक पडदा) मागे जातो, खालच्या व्हॉल्व्हमधून पेट्रोल आत येतं. खेच पूर्ण झाली की मागच्या टोपीतला रॉकर (छोटी तरफ) खटकन उलटतो, पॉइंट (करंट जोडणारी-तोडणारी टोकं) उघडतात, करंट बंद. आता स्प्रिंग डायफ्रॅमला परत लोटते, आणि तेच पेट्रोल वरच्या व्हॉल्व्हमधून कार्ब्युरेटरकडे जातं. शेवटाला पॉइंट पुन्हा जुळतात, पुन्हा ‘टक्’. फ्लोट चेंबर भरलं, नीडल बंद झाली की स्प्रिंगला लोटायला जागा उरत नाही. ती तशीच दाबून बसते, पॉइंट उघडे, पंप गप्प. बॅटरी एका थेंबाचीही खर्च होत नाही.

म्हणजे कार्ब्युरेटरला मिळणारा दाब हा त्या स्प्रिंगचा. एल टाइपची स्प्रिंग नरम, दाब एक-दीड पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) आसपास. हा पंप इंजिनाजवळ बसतो आणि टाकीतून ओढून आणतो, पुढे ढकलायचं अंतर हातभर. एचपी मागे टाकीजवळ बसवायचा, तिथून अख्ख्या गाडीची लांबी ढकलत आणायचं, म्हणून त्याची स्प्रिंग कडक आणि दाब दुपटीच्या घरात. तो पुढे फायरवॉलवर आणून छोट्या एच-१ ला जोडला तर नीडल कितीही नवी असो, सीटवरून उचलली जाणारच.

पंप कोणी बदलला, कधी, कोण जाणे. जे मिळालं ते लावलं असेल. आयात बंद असलेल्या काळात गाडी चालू ठेवणं हेच मोठं काम होतं, त्यामुळे मी नावं ठेवणार नाही.

१६ नोव्हेंबर

सदर भागातल्या मिस्त्रीकाकांकडे डबा घेऊन गेलो. त्यांनी अ‍ॅम्बॅसेडर आणि फियाट दोन्हीवर आयुष्य काढलंय. पंप हातात घेतला, उलटा-सुलटा केला.

“हे काय घेऊन बसले भाऊ? एसी पंप मारून द्या ना.” (एसी पंप म्हणजे इंजिनाच्याच फिरण्यावर चालणारा.)

“काका, याच्या इंजिनावर एसी पंपाची जागाच नाही.”

“मंग तो चौकोनी येते इलेक्ट्रॉनिकवाला, तो लावून टाका. आवाज करते थोडा, पण चालते.”

“तोही दाब जास्तच देतो. मग पुन्हा रेग्युलेटर आला.”

काकांनी टोपी काढली, पॉइंटवर नख फिरवलं. “पॉइंट जळून राह्यले तुमचे. पण कॉइल चांगली असन तर पंप उठते. याले मारायचं काय आहे त्यात? आमच्या टायमाले गाडी बंद पडली का ड्रायव्हर उतरून पान्यानं दोन टोले द्यायचा पंपाले, का निघाली गाडी.”

हे टोले देणं मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय, आणि त्यात तथ्य आहे. पॉइंटवर काजळी बसली की ते नुसते टेकतात, करंट जात नाही. टोल्याने हलतात आणि पुढच्या दहा-वीस किलोमीटरची सोय होते. उपचार मात्र तो नव्हे.

मीटर लावून कॉइल तपासली. जिवंत आहे. हे सगळ्यांत महत्त्वाचं होतं, कारण बाकी सगळं बदलता येतं. चावी चालू आणि पॉइंट चिकटलेले अशा अवस्थेत पंप फार वेळ राहिला तर कॉइल तापून जाते. हा बहुतेक त्याआधीच निवृत्त झाला.

२३ नोव्हेंबर

सुटे भाग मागवले. एस्‌यूचे पंप आणि किट आजही इंग्लंडात सॉल्सबरीच्या बर्लन कंपनीकडे बनतात, हे एक सुख. डायफ्रॅम, पॉइंट, व्हॉल्व्ह, गॅस्केट, नवी टोपी. कस्टमचं काय होईल ते होईल.

अवांतर: एस्‌यू म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर घराण्याचा धंदा बुटांचा, आणि त्यांच्या पहिल्या कार्ब्युरेटरमध्ये चामड्याचा भाता होता. १९१० ची कंपनी, १९२६ मध्ये मॉरिसने विकत घेतली, म्हणून मॉरिसच्या गाड्यांवर एस्‌यू. आमच्या सौंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “म्हणजे चांभाराचा पंप लोहाराकडून दुरुस्त करून घेताय.”

१ डिसेंबर

पंप उघडला. आज सावकाश लिहितो, कारण पुढे कोणाला करायचं असेल तर इथेच खरी गंमत आहे.

पुढचा भाग आणि कॉइलचा भाग सहा स्क्रूंनी जोडलेला. स्क्रू टू-बीए मापाचे. ब्रिटिश असोसिएशनची ही आटी आता आपल्याकडे कोणी ठेवत नाही. माझ्या सहापैकी एक स्क्रू वेगळा निघाला. कोणीतरी एम-फाइव्ह दामटून बसवलेला. दोघांच्या आट्यांचं अंतर जवळपास सारखंच, ०.८ मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे सुरुवातीला ‘बसतोय की’ असं वाटतं. पण टू-बीए ४.७ मिलिमीटरचा आणि एम-फाइव्ह पाचचा. जोर लावला की आटी खाल्ली जाते. नशिबाने भोक अर्ध्यापर्यंतच बिघडलंय.

स्क्रू काढल्यावर दोन्ही भाग अलगद सुटे केले, आणि कॉइलचा भाग ताटावर धरून डायफ्रॅम उलटा फिरवत काढला. ताट घ्यायचंच. कारण डायफ्रॅमच्या मागे आर्मेचरभोवती पितळेचे छोटे रोलर मोकळे बसलेले असतात, कसलाही आधार नसलेले. डायफ्रॅम सुटला की घरंगळतात. अकरा असायला हवेत. ताटात पडले नऊ.

गॅरेजची फरशी झाडून पाहिली, डालड्याचा डबा चाळणीत उपडा केला. नाहीत. आधीच्या कोणाच्या तरी फरशीवर ते गेलेत. हे रोलर आर्मेचरला बरोबर मध्ये धरून ठेवतात. दोन कमी असले की आर्मेचर एका अंगाला सरकतं आणि कॉइलच्या तोंडाशी घासतं. पंप जाम होण्याचं कारण बहुधा हेच, घासल्याची चकाकी एका बाजूला स्पष्ट दिसते.

आतला वास जुन्या वॉर्निशचा. खालचा सहा-कोनी प्लग काढल्यावर जाळीची नळी निघाली, ती अख्खी तपकिरी गोंदाने भरलेली.

७ डिसेंबर

सफाई. जुन्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये पितळ आणि लोखंडाच्या भागांसाठी कॉस्टिक सोड्यात उकळून मग नायट्रिक अ‍ॅसिडची बुचकळी सांगितलीय. हलक्या मिश्रधातूच्या भागांसाठी मात्र फक्त स्पिरिट. हा फरक विसरायचा नाही, कारण कॉस्टिक त्या पुढच्या भागाला खाऊन टाकेल. मी अ‍ॅसिडच्या भानगडीत पडलोच नाही. सगळं स्पिरिटमध्ये भिजत ठेवलं, गोंद मऊ झाला की दात घासायच्या जुन्या ब्रशने काढला. वेळ जास्त लागतो, पण घरात लहान मुलं आहेत.

व्हॉल्व्ह म्हणजे पितळेच्या पातळ चकत्या. गुळगुळीत बाजू खाली, सीटकडे. उलटी बसली तर पंप टकटक करेल आणि पेट्रोल पुढे-मागे झुलत राहील.

८ डिसेंबर

इतवारीत लोहाओळीत स्क्रूसाठी गेलो. पहिल्या दुकानात “बीए? बी.ए. तर आमचा पोरगा झाला.” दुसऱ्याने ३/१६ व्हिटवर्थ काढून दिला, म्हणे एकच आहे. नाही. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने खोक्यातून रेडिओच्या जमान्यातले टू-बीए स्क्रू काढले, जरा लांब, पण कापता येतात. मूठभर घेऊन ठेवले.

रोलरचं काम हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या ओळखीच्या टर्नरकडे. त्याला नऊपैकी तीन नमुन्याला दिले. पितळी सळईतून चार बनवायला सांगितले, दोन हवेत आणि दोन फरशीसाठी. कडांची गोलाई विसरू नकोस, एवढंच बजावलं. त्याने मायक्रोमीटर लावून दाखवला आणि पैसे घ्यायला नाही म्हणाला. “गाडी चालली का एक चक्कर मारून आणा, बस.”

४ जानेवारी २०२५

किट आलं. डायफ्रॅम पाहून बरं वाटलं. हल्ली बहुतेक पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, वीस टक्क्यांपर्यंत, आणि जुनं रबर-कापड त्याला फार दिवस तोंड देत नाही. फुगतं, नरम पडतं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत पेट्रोल सोडू नये. रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घेतल्यात, त्यात काटकसर नाही.

११ जानेवारी

जुळवणी. मुख्य काम डायफ्रॅमचं सेटिंग, आणि इथेच बहुतेक दुरुस्त्या फसतात.

स्प्रिंगचं मोठं तोंड कॉइलकडे. डायफ्रॅम आत फिरवत जायचं, इतकं की आर्मेचर दाबलं तरी रॉकर उलटणार नाही. मग एकेक भोक उलटं फिरवायचं आणि दर वेळी आर्मेचर एकसारख्या जोराने दाबून पाहायचं. ज्या भोकाला रॉकर पहिल्यांदा खटकन उलटतो, तिथे थांबायचं. तिथून आणखी चार भोकं मागे. कडेला सहा भोकं असतात, म्हणजे दोन तृतीयांश फेरा. झालं सेटिंग. पॉइंटचं पातं आपल्या जागी बसल्यावर फट तीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), साधारण पाऊण मिलिमीटर.

आता रोलर. डायफ्रॅमची कड हलकेच उचलून एकेक आत सरकवायचा, अकराही. चिमट्याने केलं. नवे दोन जुन्या नऊंत मिसळून गेले, पिवळेपणावरूनच काय ते ओळखू येतात.

स्क्रू कसायच्या आधी डायफ्रॅम ताणायला हवा. मागच्या रॉकरवर पांढरे फायबरचे रोलर असतात. त्यातल्या एकामागे आगपेटीची काडी सरकवली की पॉइंट जुळलेले राहतात. मग बॅटरी जोडायची. चुंबक डायफ्रॅमला पूर्ण खेचून धरतो आणि तेवढ्यात सहा स्क्रू समोरासमोर थोडे-थोडे कसायचे. करंट जास्त वेळ ठेवायचा नाही, कॉइल तापते. भाचा बॅटरीवर आणि मी स्क्रूवर, असं केलं. काडी काढली आणि पहिलं ‘टक्’.

डायफ्रॅमच्या सांध्याला कसलाही गॅस्केट-शेलॅक लावलेला नाही. मॅन्युअलची स्पष्ट मनाई आहे, आणि ती योग्यच. लेप आत सरकला की व्हॉल्व्हवर जाऊन बसतो.

१२ जानेवारी

टेबलावर चाचणी, रॉकेलवर. पेट्रोल आणि उघड्या पॉइंटची ठिणगी एका टेबलावर नको. रॉकेल मिळवणं हा आता वेगळाच उद्योग झालाय, पण मिळालं.

बाटली जमिनीवर, पंप टेबलावर. थोडा खडखडला, मग ओढायला लागला. बाहेरच्या नळीचं टोक रॉकेलात बुडवून बघितलं: सुरुवातीला बुडबुडे, आणि ते थांबेचनात. म्हणजे ओढण्याच्या बाजूने हवा शिरतेय. आतल्या युनियनचा फायबर वायसर बदलला, बुडबुडे बंद. नळी बोटाने दाबली तर टकटक थांबली आणि पंधरा-वीस सेकंद पंप गप्प राहिला. व्हॉल्व्ह धरतायत.

ऐकून बरंच कळतं, ते लिहून ठेवतो. गाडी बंद, चावी चालू, तरी दर काही सेकंदांनी टक्: कुठेतरी गळतंय, नीडल, व्हॉल्व्ह किंवा डायफ्रॅम. घाईघाईने टकटकटक आणि पेट्रोल नाही: हवा ओढतोय किंवा टाकी रिकामी. आवाजच नाही: पॉइंट किंवा अर्थिंग. गाडीला अर्थ असतोच असं समजू नये, नव्या रंगावर बसवलेला पंप अधांतरी असतो. पंपाच्या बॉडीपासून वेगळी तार काढून चेसिसला दिली.

पॉझिटिव्ह अर्थबद्दल: माझ्या पंपात नुसते पॉइंट आहेत, त्याला उलट-सुलट जोडणी चालते. नव्या पंपांत किंवा किटमध्ये डायोड असेल तर मात्र दिशा पाहूनच जोडा.

१९ जानेवारी

मूळ भोकांवर पंप बसला, रबरी तुकडा निघाला, पाइप सरळ युनियनमध्ये गेला. चावी फिरवली, काही वेळ टकटक, मग शांत. अर्धा तास बॉनेट उघडं ठेवून चहा प्यायलो. फ्लोट चेंबर कोरडं. कार्ब्युरेटरला हात लावलेला नाही.

टर्नरची चक्कर हिंगणा रोडने झाली. त्याला पुढे बसवलं.

२० एप्रिल

उन्हाळ्याची परीक्षा. दुपारी वर्धा रोडला, पारा बेचाळीसच्या वर. सिग्नलला गाडी थांबली आणि पंप वेड्यासारखा टकटकायला लागला, इंजिन गचके देत बंद. व्हेपर लॉक. पंप बॉनेटखाली असल्याचा हा तोटा: तो ओढतो, ओढण्याच्या बाजूला दाब कमी, वर मॅनिफोल्डची (इंजिनाला लागून असलेल्या तापलेल्या नळ्यांची) धग, मग पेट्रोलची पाइपातच वाफ होते. वाफ काही याला ओढता येत नाही. ओलं फडकं टाकलं, दहा मिनिटं थांबलो, निघाली.

एचपी मागे टाकीजवळ बसवून दाब कमी करणारा रेग्युलेटर लावा, असं एक-दोघांनी सुचवलं. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच आहे, पण त्यापायी पत्र्याला आणखी भोकं पाडणं मला मान्य नाही. आधी साधं करून पाहतो: मॅनिफोल्ड आणि पंपामध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पडदा, पाइप ब्लॉकपासून दोन बोटं लांब, आणि मे महिन्यात गाडी सकाळी नऊच्या आत घरी.

४ मे

पडदा बसवला. जामठ्यापर्यंत जाऊन आलो, नऊच्या बरंच नंतर. एकदाही तक्रार नाही.

एचपी पंप उघडून, साफ करून, चालू अवस्थेत ठेवलाय. ‘एचपी, १२ व्होल्ट, मागे बसवायचा’ अशी चिठ्ठी अडकवलीय, म्हणजे पुन्हा कोणाच्या फायरवॉलवर जाणार नाही. ज्याच्या गाडीला खरोखर लागतो त्याने घेऊन जावा. बदल्यात एच-१ च्या फ्लोट चेंबरचं बरं झाकण मिळालं तर उत्तम, माझ्याकडच्याची आटी सैल आहे.